दूध डेअरीची भिंत पाडण्याआधी

गेल्या महिन्यात आमच्या गटाच्या बैठकीत बचतीचा हिशेब बाजूला राहिला आणि वाद पेटला तो एका इमारतीवरून. गावच्या दूध संस्थेची जुनी इमारत पाडून तिथे दुकानगाळे काढायचं चाललंय. आमच्यातल्या काहीजणी म्हणाल्या, पाडू द्या की, गळतंय सगळं. काहीजणी गप्प झाल्या. त्या इमारतीच्या ओट्यावर कॅन घेऊन उभं राहण्यात त्यांची पंचवीस-तीस वर्षं गेलीत.

वारसा म्हटलं की आपल्याला गड, मंदिर, नाहीतर पाटलाचा वाडा आठवतो. दुधाची डेअरी कशी काय वारसा होईल? म्हणून आज आम्ही मुंबईतल्या गोरेगावच्या आरे वसाहतीची गोष्ट सांगणार आहोत. आरे हे नाव पिशवीवर आपण सगळ्यांनीच वाचलंय.

तेव्हा मुंबईत गोठे वस्तीतच असत. दाटीवाटीत म्हशी बांधलेल्या, शेणाचे ढीग, आणि दुधात पाणी किती ते देवालाच ठाऊक. शहरातल्या म्हशी उपनगरात हलवायच्या म्हणून १९४९ मध्ये आरे वसाहत उभी राहिली. जमीन १,२८७ हेक्टर, गोठे बत्तीसच्या आसपास आणि जनावरं सोळा हजार. गोठा सरकारचा, म्हशी मालकाच्या. मधोमध मोठी डेअरी. १९५१ मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते तिचं उद्घाटन झालं. यामागे होते दूध आयुक्त दारा खुरोडी. १९६३ मध्ये त्रिभुवनदास पटेल आणि वर्गीज कुरियन यांच्याबरोबर त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

आपण रोज मशीनवर फॅट बघतो, म्हणून खुरोडींची पुढची करामत आपल्याला लगेच कळेल. म्हशीच्या दुधाला फॅट सहा-सात. त्यात पाणी आणि साय काढलेल्या दुधाची भुकटी मिसळून त्यांनी फॅट तीनावर आणली. दूध वाढलं, स्वस्त झालं आणि गरिबाच्या लेकरापर्यंत पोचलं. हेच ते टोण्ड दूध. भेसळवालाही पाणीच घालतो म्हणा, पण तो लपवून घालतो आणि भुकटी घालत नाही!

डेअरीत दूध तापवायचं, लगेच गार करायचं, काचेच्या बाटलीत भरून वर पातळ पत्र्याचं झाकण दाबायचं. पहाटे त्या बाटल्या केंद्रावर जायच्या. लोक कार्ड घेऊन अंधारात रांगेत उभे. कितीतरी केंद्रांवर दूध वाटायला बायका आणि कॉलेजातल्या मुली असायच्या. घरात चार पैसे येणारं ते त्यांचं पहिलं काम असेल. अशा बाईचं नाव कुठल्या कोनशिलेवर सापडत नाही.

आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. ही जमीन मोकळी नव्हती. वारली लोकांचे पाडे तिथे डेअरीच्या आधीपासून आहेत, आजही आहेत. वारसा सांगताना त्यांना वगळलं तर ती गोष्ट अर्धीच राहील.

आता बाटल्या गेल्या, सरकारी दुधाचा पसारा आटला. मुंबईत अशा डेअऱ्यांकडे आता जागा म्हणूनच बघतात. कुर्ल्याच्या मदर डेअरीची साडेआठ हेक्टर जागा धारावी पुनर्विकासाला द्यायचं सरकारने २०२४ मध्ये ठरवलं, तेव्हा आसपासच्या लोकांनी विरोध केला. त्यांना झाडं हवी होती, बाग हवी होती. बरोबरच आहे. पण आम्हाला वाटतं, शहराला दूध कसं मिळू लागलं हे जिथे उभं राहून नातवंडाला दाखवता येईल, अशी एखादी तरी इमारत राहायला हवी. मुंबईचं सीएसएमटी स्टेशन २००४ मध्ये जागतिक वारसा ठरलं. तीही कामाचीच इमारत, आणि तिथून गाड्या अजून सुटतात. म्हणजे वारसा ठरला की कुलूप लागतं असं नाही.

आमच्या संस्थेची इमारत काही सीएसएमटी नव्हे, तीन खोल्या आणि एक ओटा. तरी आम्ही विचारायला गेलो, दुरुस्त करून तिथे खवा-पनीरचं काम आम्हाला करू द्याल का? उत्तर मिळालं, बोलायचा हक्क सभासदांना. धार आम्ही काढतो, वैरण आम्ही आणतो, आणि सभासद म्हणून नाव मात्र घरच्या पुरुषाचं. इमारतीच्या निमित्ताने हे आमच्या नीट ध्यानात आलं. आता सतराजणींनी सभासदत्वाचे अर्ज भरलेत.

वार्षिक सभा पुढच्या महिन्यात आहे. तुमच्यापैकी कुणाच्या ट्रंकेत जुनी दूधपुस्तकं, संस्थेच्या उद्घाटनाचा फोटो, सासूबाईंच्या वेळचं पितळी माप असेल, तर मंगळवारी गटाच्या बैठकीला घेऊन या. फोटोच्या मागे कोण कोण उभं आहे ते पेन्सिलीने लिहून आणा, बायकांची नावं आधी.