जंतांना दाद न देणारा बोकड



गोव्यासारख्या भरपूर पावसाच्या प्रदेशात पावसाळ्यात करडे रोडावतात, जबड्याखाली सूज येते, पापण्या आतून पांढऱ्या पडतात. याचे एक प्रमुख कारण म्हणजे चौथ्या पोटात राहून रक्त शोषणारा हिमोंकस जंत होय. त्याची एक मादी दिवसाला ५,००० हून अधिक अंडी घालू शकते. ती लेंड्यांवाटे कुरणात पडतात, आणि ओल्या गवतावर चढलेल्या अळ्या पुन्हा शेळीच्या पोटात जातात.

आजवर आपण औषधावर विसंबलो. सर्व कळपाला सरसकट औषध पाजत राहिल्याने औषधाला न जुमानणारे जंतच मागे उरतात. पुष्कळ ठिकाणी जुनी औषधे त्यामुळेच निष्प्रभ ठरली आहेत.

एकाच रानात चरणाऱ्या शेळ्यांतही जंतांचा भार सारखा नसतो. बहुतेक अंडी थोड्याच शेळ्या बाहेर टाकतात. ही प्रतिकारशक्ती अंशतः आनुवंशिक आहे. ऑस्ट्रेलियात लेंडीतील अंडी मोजून मेंढ्यांची निवड केली जाते. शेळ्यांत ही सुधारणा अधिक मंद असते; दोन वर्षांत चमत्कार घडेल असे मी म्हणणार नाही.

आपली प्रथा मात्र पुष्कळदा उलटी असते. जोमदार बोकड सणाला विकला जातो आणि गिऱ्हाइकाने नाकारलेला पैदाशीला उरतो. शेळी वर्षाकाठी दोन-तीन करडे देते; बोकड वीस-पंचवीस शेळ्यांच्या करडांचा बाप होतो. तेव्हा विक्रीपूर्वीच निवड करावी.

पावसाळ्यात, औषध पाजण्यापूर्वी, एकाच वयाच्या नर करडांच्या ताज्या लेंड्या निरनिराळ्या पुड्यांत घालून पशुवैद्यकीय दवाखान्यात तपासून घ्याव्यात. आधी औषध दिले तर करडाकरडांतला फरक झाकला जातो. ज्याची अंडी कमी आणि वाढ चांगली, तो राखावा. नुसती कमी अंडी पाहून खुरटा बोकड ठेवण्यात अर्थ नाही.

पापणीचा रंग पाहण्यासाठी दक्षिण आफ्रिकेत तयार झालेला पाच रंगछटांचा तक्ता उपयोगी पडतो. पाणथळ जागी यकृतातील चपट्या कृमींमुळेही पापणी फिकी पडते, म्हणून शंका आल्यास डॉक्टरांना विचारावे. फिक्या पडलेल्या जनावराला औषध द्यावेच. निवडीच्या नावाखाली ते मरू देऊ नये. मात्र त्याच्या कानाला खूण करावी, आणि जी शेळी वारंवार फिकी पडते तिचा बोकड पैदाशीला ठेवू नये.

निवडलेला बोकड त्याच्याच पाठींवर सोडू नये. दोन वर्षांनी शेजारच्या गावातील अशाच पारखलेल्या बोकडाशी त्याची अदलाबदल करावी.