राजहऱ्याच्या खाणकामगारांचा वारसा
(भिलाई येथील भाषण)

कॉम्रेड्स,

भिलाईची पहिली झोतभट्टी १९५९ साली पेटली. तिचे लोहखनिज दल्ली-राजहऱ्याच्या डोंगरांतून येई. ते हातांनी फोडून मालमोटारींत भरणारे स्त्री-पुरुष मात्र वर्षानुवर्षे ठेकेदाराचेच मजूर राहिले. १९७७ साली त्यांनी छत्तीसगढ माइन्स श्रमिक संघ स्थापन केला. त्याच वर्षी जूनमध्ये पोलिसांच्या गोळीबारात अकरा जण हुतात्मा झाले.

शंकर गुहा नियोगी यांच्या नेतृत्वाखाली संघाने मजुरीच्या लढ्याबरोबरच दारूविरोधी मोहीम चालवली. १९८३ साली कामगारांच्या वर्गणीतून व श्रमदानातून, त्या अकरांच्या स्मरणार्थ, शहीद रुग्णालय सुरू झाले. १९९१ साली भिलाईत नियोगींची हत्या झाली. रुग्णालय बंद पडले नाही.

साथींनो, संपांच्या इतिहासासोबत हा बंधुभावाचा इतिहासही आपल्या प्रत्येक शाखेत सांगितला गेला पाहिजे.