सोसायटीच्या ग्रुपवर नकाशा आलाय? आधी हे ऐका

आमच्या कर्वेनगरात सध्या दर दुसऱ्या जुन्या सोसायटीत रिडेव्हलपमेंटची चर्चा आहे. मीटिंग झाली की व्हॉट्सॲप ग्रुपवर नव्या इमारतीचा नकाशा येतो, जेपीजी. मी सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे शेजारचे काका मोबाईल घेऊन माझ्याकडेच येतात. "अरे, बेडरूमची रुंदी ३.३० आहे की ३.८०?" झूम केलं तर नुसता धुरकट ठिपका. इंग्रजी तीन आणि आठ दोन्ही सारखेच!

गंमत वाटेल, पण खोली ३.६० मीटर लांब असेल तर हा फरक १.८ चौरस मीटरचा, म्हणजे जवळजवळ १९ चौरस फुटांचा. पुण्यात १९ फुटांचे किती पैसे होतात, तुम्हीच बघा.

मग हे होतं कशामुळे? आर्किटेक्टची मूळ फाईल असते डीडब्ल्यूजी, ऑटोकॅडची. तिच्यात चित्र नसतंच. ही रेष इथून सुरू, तिथे संपली, ही भिंतीच्या लेयरवर, ती दरवाजाच्या, अशी माहिती असते. म्हणूनच नकाशे तपासणारं ऑटोडीसीआर हे पुण्यातच बनलेलं सॉफ्टवेअर त्या रेषांवरून क्षेत्रफळ मोजू शकतं. जेपीजी केलं की ते सगळं गेलं. उरतात फक्त रंगाचे ठिपके, म्हणजे पिक्सेल.

आता थोडं गणित. ए-वन कागद ८४१ बाय ५९४ मिलिमीटरचा. ३०० डीपीआयला त्याची इमेज साधारण ९,९३३ बाय ७,०१६ पिक्सेलची होते. अडीच मिलिमीटर उंचीच्या आकड्याला सुमारे ३० पिक्सेल मिळतात. मस्त वाचता येतं. पण व्हॉट्सॲपने साधा फोटो म्हणून लांबी १६०० पिक्सेलच्या आसपास आणली, की त्याच आकड्याला उरतात जेमतेम पाच पिक्सेल! त्यात जेपीजी हा प्रकार फोटोंसाठी बनलेला. बारीक काळ्या रेषांच्या कडेला तो करडी घाण सोडतो. पीएनजीत ते होत नाही.

तर इमेज करायचीच असेल तर अशी करा. ऑटोकॅडमध्ये स्क्रीनशॉट काढू नका, प्लॉट कमांड वापरा. प्लॉट स्टाईल मोनोक्रोम ठेवा, नाहीतर काळ्या स्क्रीनवर झकास दिसणारी पिवळी रेष पांढऱ्यावर गायब होते. आधी पीडीएफ काढा, मग त्यातून ३०० डीपीआयची पीएनजी. ऑटोकॅड नसेल तर ऑटोडेस्कचं डीडब्ल्यूजी ट्रूव्ह्यू विंडोजवर फुकट मिळतं, त्यातूनही पीडीएफ निघते. कुठल्यातरी अनोळखी ऑनलाइन कन्व्हर्टरवर मात्र अख्ख्या सोसायटीचा नकाशा चढवू नका. आणि पाठवताना 'फोटो' नाही, 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा.

पण खरं सांगू का? सभासद म्हणून इमेजवर समाधान मानूच नका. सरळ पीडीएफ मागा, तीही ऑटोकॅडमधून काढलेली, स्कॅन केलेली नाही. ओळखायचं कसं? खूप झूम करा. रेष धारदार राहिली तर अस्सल, जाडी आणि दातेरी झाली तर आत फोटोच भरलाय. शिवाय रेराच्या व्याख्येप्रमाणे कार्पेट एरियाचा तक्ता सोबत मागा. त्यात घरातल्या आतल्या भिंती धरतात. बाहेरच्या भिंती, डक्ट आणि बाल्कनी नाही. तक्ता आणि नकाशातली मापं कॅल्क्युलेटरवर स्वतः जुळवून बघा.

घरातले मोठे लोक "आम्हाला त्यातलं काय कळतंय" म्हणत सही करून मोकळे होतात. त्यांच्या शेजारी बसून मोबाईलवर झूम करून दाखवायला आपल्याला दहा मिनिटं लागतात. सही व्हायच्या आधी तेवढी नक्की काढा. भेटू पुढच्या भागात!