पाण्याशी ओळख

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाई म्हणाल्या, "प्रवासातला एखादा अनुभव सांगा." मी आधी नाहीच म्हणत होते. आपल्यापैकी कोणी चारधाम केले, कोणी नर्मदामाईची परिक्रमा केली. त्यांच्यापुढे माझा प्रवास तो काय! सारा मिळून तीन तासांचा, आणि तोही एका अरुंद होडीतून. पण त्या तीन तासांत माझ्या मनातली तीस वर्षांची एक गाठ सुटली. त्या गाठीचा तुमच्या-माझ्या लेकींशी संबंध आहे, म्हणून उभी राहिले. काही चुकले-माकले तर सांभाळून घ्या.

आपले गाव तापी-गोमाईच्या संगमावरचे. मुलताईला उगम पावलेली तापी ७२४ किलोमीटर चालून सुरतेपुढे समुद्राला मिळते, ती आपल्या दारावरून जाते. आपण तिला माय म्हणतो. आषाढ शुद्ध सप्तमीला तिची जयंती करतो, ओटी भरतो, दिवे सोडतो. पण भगिनींनो, या मायच्या पाण्यात गुडघ्याच्या पुढे आपल्यातल्या किती जणी गेल्या असतील? मी तर कधीच गेले नव्हते. त्याचे कारण सांगते.

माझे माहेरही तापीकाठचेच. मी अकरा वर्षांची असताना, घटस्थापनेच्या आधी, आम्ही गोधड्या धुवायला नदीवर गेलो होतो. माझी चुलत बहीण, तिला आम्ही अक्का म्हणत असू, ती सतरा वर्षांची. पुढच्या वर्षी तिचे लग्न करायचे घरात चालले होते. भिजलेली गोधडी तिच्या हातून सुटली, ती धरायला ती दोन पावले पुढे गेली आणि पायाखालची वाळू सरकली. काठावर आम्ही आठ जणी होतो. एकीलाही पोहता येत नव्हते. आम्ही नुसता आकांत केला. बापे माणसे शेतातून धावत येईपर्यंत सगळे संपले होते. गोधडी त्याच दिवशी सापडली. अक्का दुसऱ्या दिवशी.

तेव्हापासून माझी आई आम्हांला म्हणायची, "तापीमाय माय शे, पन तिना पोटमा काय शे ते कोनले ठाव?" तिने आमचे नदीवर जाणे बंद केले. पुढे मी सासरी प्रकाशाला आले आणि माझ्या लेकीच्या बाबतीत तेच केले. केदारेश्वराच्या दर्शनाला जायचे, पण घाटाच्या शेवटच्या पायरीवर उतरायचे नाही, असा माझा दंडक. मला वाटे, मी तिला जपते आहे.

आता मुख्य गोष्टीकडे येते. माझी ही लेक पुण्याला नोकरी करते. गेल्या जानेवारीत तिने आम्हां दोघांना गोव्याला नेले. नंदुरबारहून सुरत, सुरतेहून कोकण रेल्वेने मडगाव, आणि तिथून काणकोण तालुक्यातले पाळोळे. दोन्ही बाजूंना खडकांचे नाक समुद्रात गेलेले आणि मध्ये चंद्रकोरीसारखी वाळू, असा तो किनारा. मी आयुष्यात प्रथमच समुद्र पाहिला. हात जोडले आणि म्हटले, "आमच्या तापीचे पाणी तुझ्यातच आले आहे, ओळख ठेव."

रात्री जेवताना लेक म्हणाली, "आई, उद्या सकाळी आपण दोघी कयाकमधून जायचं. मी पैसे भरलेत."

कयाक म्हणजे एक-दोन माणसांची लांबट, निमुळती होडी. ग्रीनलंडसारख्या बर्फाळ मुलखातले इनुइट लोक वाहून आलेल्या लाकडाचा नाहीतर हाडांचा सांगाडा करून त्यावर सीलचे कातडे ताणून ती बनवीत आणि तिच्यातून शिकारीला जात. ती पुरुषांची होडी. पण त्यांच्याकडे उमियाक नावाची दुसरी मोठी होडी असे. मुलेबाळे, सामान, सगळा संसार तिच्यात भरून मुक्काम हलवीत, आणि ती वल्हवीत बायका. ग्रीनलंडात तिला बायकांची होडीच म्हणत. आताच्या कयाक प्लॅस्टिकच्या असतात. २०१५ साली मुंबईचे कौस्तुभ खाडे अशाच होडीतून द्वारकेपासून कन्याकुमारीपर्यंत गेले.

हे सगळे लेकीने मला मन वळवण्यासाठी सांगितले. मी म्हटले, "मला काही सांगू नकोस. तुला तरी पोहता येतं का?"

ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "येतं आई. तीन वर्षं झाली. कॉलेजात असताना शिकले. तू रागावशील म्हणून सांगितलं नाही."

मला राग आला, हे खोटे कशाला सांगू? ताटावरून उठले. पण रात्री झोप येईना. आमची अक्का पोहायला शिकली असती तर आज तिला नातवंडे असती, हा विचार तीस वर्षांत मला कधी शिवला नव्हता, तो त्या रात्री आला. सकाळी लेकीचा पंजाबी ड्रेस अंगावर चढवला आणि म्हटले, "चल."

आमचे हे चष्मे, पर्स आणि चपला सांभाळत वाळूवर बसले. त्यांनीही यावे असा आग्रह झाला, पण "कोणीतरी कोरडे पाहिजे" असे त्यांचे म्हणणे पडले!

वाट दाखवणारा मुलगा तिथलाच, रापणकाराच्या घरातला. रापण म्हणजे किनाऱ्यावरून बऱ्याच जणांनी मिळून ओढायचे मोठे जाळे. आम्ही एकूण चार होड्या होतो. त्याने आधी प्रत्येकीला लाइफ जॅकेट घातले, पट्टे ओढून पाहिले. मग वल्हे मारायला शिकवले. दोन्ही टोकांना पाते असते. एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. पाते पावलांपाशी पाण्यात घालायचे आणि कमरेपाशी बाहेर काढायचे. मी नुसत्या हातांनी ओढत होते, पाच मिनिटांत खांदे भरून आले. तो म्हणाला, "काकी, हाताने नाही, कमरेतून वळा." तेव्हा उमगले की हे तर ताक घुसळण्यासारखे आहे! रवीची दोरी ओढताना अंग आपोआप इकडून तिकडे फिरते, तसेच. आमची चूल आणि रवी अशी समुद्रावर उपयोगी पडली.

मग तो म्हणाला, "आता सगळ्यांनी मुद्दाम पाण्यात पडायचं."

मी म्हटले, "बाबा रे, मी न पडता जपून बसेन."

तो शांतपणे म्हणाला, "काकी, इथं छातीभर पाण्यात पडलात तर पुढं पडलात तरी घाबरणार नाही. पडायचं नसेल तर मी तुम्हांला नेणार नाही."

भगिनींनो, त्या वेळी माझ्या डोळ्यांपुढे ती गोधडी होती. मी डोळे मिटले, देवाचे नाव घेतले आणि कलंडले. नाकातोंडात खारे पाणी गेले. आणि पुढच्याच क्षणी मी वर होते. मी काही केले नव्हते, पाण्यानेच मला उचलले होते. पाणी माणसाला उचलते, हे मला त्या दिवशी कळले. त्या मुलाने नंतर समजावले की माणसाचे अंग जवळपास पाण्याइतकेच जड असते. तोंड वर राहायला थोडासाच आधार लागतो, तसले साधे जॅकेट सुमारे पाच किलोचा आधार देते. पाच किलो! एका झाकणबंद रिकाम्या कॅनमध्ये तेवढा आधार असतो. मी पाण्यात तरंगत रडत होते, आणि लेकीला वाटले मला लागले म्हणून.

वल्हे सोडायचे नाही, होडीला धरून राहायचे, पाय मारत पोटावर होडीवर चढायचे, मग वळून बसायचे, हे तीनदा करवून घेतल्यावर आम्ही निघालो. मी पुढे, लेक मागे. मागचा माणूस होडी वळवतो. मी म्हटले, आजवर मी तिला वळवले, आज तिने मला वळवावे.

पाळोळ्याच्या उत्तरेला एक छोटे बेट आहे, ओहोटीला तिथे चालत जाता येते. त्याला वळसा घालून आम्ही खडकाळ किनाऱ्याने अडीच-तीन किलोमीटरवरच्या बटरफ्लाय बीचकडे गेलो. मोठमोठे गुळगुळीत धोंडे एकावर एक, वर हिरवे रान, आकाशात पांढऱ्या पोटाचा समुद्रगरुड. खडक पाहून जवळ जावेसे वाटते, पण तो मुलगा जाऊ देईना. लाट खडकावर आपटून परत फिरते, तिची येणाऱ्या लाटेशी गाठ पडते आणि तिथे पाणी वेडेवाकडे उसळते. खडकांना चिकटलेल्या कालवांच्या कडा सुरीसारख्या असतात. पाण्यात पडलात तर खडक आणि होडी यांच्यामध्ये कधी राहू नका, नेहमी समुद्राच्या बाजूला राहा, असे त्याने दोनदा बजावले.

एके ठिकाणी त्याने सगळ्यांना थांबवले. समोर पाणी अगदी शांत होते. मी म्हटले, "इथं काय आहे?" तो म्हणाला, "मोजा." चार-पाच लहान लाटा नुसत्या निघून गेल्या. मग मोठी आली, आणि त्या शांत जागी पाणी फुगून एकदम पांढरे फुटले. खाली बुडालेला खडक होता! लाटा एकसारख्या येत नाहीत, लहान-लहान येतात आणि मग दोन-तीन मोठ्या येतात, म्हणून आधी थांबून पाहायचे.

मला आईचे शब्द आठवले. पाण्याच्या पोटात काय आहे कोणाला ठाऊक? भगिनींनो, ज्याने पाहायला शिकून घेतले त्याला ठाऊक असते. तो मुलगा पाण्याला भीत नव्हता, आणि त्याची थट्टाही करीत नव्हता. पावसाळ्यात त्याची होडी पाण्यात उतरत नाही, वारा सुटायच्या आत तो माघारी फिरतो. आम्हांला आईने भीती दिली, तीही मायेनेच दिली. पण ओळख कोणी करून दिली नाही.

परतताना वारा उठलाच. बाजूने लाट आली, होडी डगमगली. पूर्वीची मी असते तर वल्हे टाकून कडा धरल्या असत्या. मागून लेक ओरडली, "आई, वल्हं थांबवू नकोस!" मी थांबवले नाही. तिने होडीचे तोंड लाटेकडे वळवले, आणि आम्ही पार झालो.

किनाऱ्यावर चहा पिताना मी त्या मुलाला अक्काची गोष्ट सांगितली. विचारले, "आम्हां आठ जणींना पोहता येत नव्हतं. आम्ही काय करायला पाहिजे होतं?" तो म्हणाला, "काकी, पोहता येत नसेल तर पाण्यात उडी टाकायचीच नाही. काठावर पालथं पडायचं आणि काहीही लांब फेकायचं. दोर, काठी, साडी."

साडी! आमच्या आठ जणींच्या अंगावर आठ लुगडी होती. अक्का आमच्यापासून दहा-बारा हातांवर होती. एकीलाही सुचले नाही, कारण कोणी सांगितलेच नव्हते.

म्हणून आज मंडळापुढे मागणे मांडते. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने २०२१ या एका वर्षात जगात सुमारे ३ लाख माणसे बुडून गेली. आपल्या गावापाशी तर बॅरेज झाल्यापासून पाणी साठून राहते. सण, विसर्जन, अस्थी, पर्वणी, सगळे काठावरच. तेव्हा मंडळाच्या निधीतून घाटावर चांगला लांब दोर आणि झाकणबंद रिकामे कॅन बांधून ठेवावेत. बुडालेल्याला बाहेर काढल्यावर उलटे टांगू नये, पोट दाबू नये. श्वास चालत नसेल तर तोंडाने श्वास द्यावा, छाती दाबावी आणि लगेच दवाखान्याची गाडी बोलवावी. हे सगळ्यांना करून दाखवायला आपण एखाद्या डॉक्टरांना बोलवावे. आणि आपल्या मुलींना, नीट शिकवणारे माणूस आणि लाइफ जॅकेट यांची सोय करून, पोहायला शिकवावे.

कोणी म्हणेल, बायकांना हे कशाला? २०१७ साली नौदलाच्या सहा मुली 'तारिणी' नावाच्या शिडाच्या बोटीतून याच गोव्याहून निघाल्या आणि पृथ्वीला वळसा घालून २०१८ च्या मे महिन्यात परत आल्या. आपल्याला एवढे लांब जायचे नाही. आपल्याला फक्त घाटाच्या शेवटच्या पायरीपर्यंत निर्धास्त जायचे आहे.

शिकणाऱ्यांच्या यादीत पहिले नाव माझे लिहा. चाळिशी उलटली म्हणून पाणी काही नाही म्हणत नाही. आणि दुसरे नाव तुमच्या लेकीचे लिहा. माझ्या लेकीला आईपासून चोरून शिकावे लागले, तुमच्या लेकीला तसे लागू नये.

एवढे बोलून मी आपली रजा घेते. तापीमाय सर्वांना सुखी ठेवो.