गुरगुरतोय? आधी ऐकून घ्या

आज बोलूया नुकत्याच घरी आणलेल्या रेस्क्यू कुत्र्याच्या एका सवयीबद्दल. खाताना कोणी जवळ गेलं की गुरगुरणं.

रस्त्यावर वाढलेल्या कुत्र्याचा हिशोब सरळ असतो: मिळेल ते पटकन खा, नाहीतर दुसरा पळवेल. तुमच्या घरात दोन वेळचं जेवण ठरलेलं आहे, हे त्याला कुठे माहीत? ते पटायला आठवडे लागतात, कधी महिनेही.

घरचे म्हणतात, ‘दे एक फटका, बाऊल काढून घे.’ हे अजिबात नको. गुरगुरणं हा इशारा आहे: ‘भीती वाटतेय, लांब राहा.’ मार खाऊन तो इशारा देणं सोडतो, भीती तशीच राहते. मग एक दिवस थेट चावतो. आणि असा कुत्रा बऱ्याचदा परत रस्त्यावर जातो.

मग करायचं काय? त्याला कोपऱ्यात निवांत खाऊ द्या, लहान मुलांना लांब ठेवा. जाता जाता लांबूनच उकडलेल्या चिकनचा तुकडा टाका आणि थांबू नका, पुढे जा. तो ताठरला, खाता खाता थबकला, तर अंतर वाढवा. तुम्हाला बघून शेपूट सैलपणे हलायला लागली, की एक पाऊल जवळ. माणूस आला की खाणं जात नाही, उलट वाढतं, एवढंच त्याला शिकवायचंय.

चावलाच, तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटं धुवा आणि लगेच डॉक्टर गाठा. कुत्र्यासाठी प्राण्यांचे डॉक्टर. कधीकधी चिडण्यामागे दुखणंही असतं.

भेटू पुढच्या भागात!