सहाच्या आणि दहाच्या बातम्यांतले लेन डॉसन : स्वागताध्यक्षीय भाषण

लेन डॉसन १९६६ साली कॅन्सस सिटीच्या केएमबीसी या दूरचित्रवाणी केंद्राचे क्रीडाप्रमुख झाले, तेव्हा ते त्याच शहराच्या चीफ्स संघाचे क्वार्टरबॅकही होते. दिवसा सराव आणि संध्याकाळी बातम्या, असा त्यांचा दिनक्रम खेळ सुटेपर्यंत चालला. निवृत्त खेळाडू समालोचक होतो, हे जगभर घडते. पण रविवारी हरलेल्या माणसानेच सोमवारी कॅमेऱ्यासमोर बसून गावाला त्या पराभवाची बातमी सांगायची, हे फार थोड्या गावांनी पाहिले असेल. उत्तर अमेरिकेतील मराठी शाळांच्या शिक्षकांचे संमेलन यंदा या शहरात भरत आहे. पाहुण्यांना गावाची ओळख एकाच माणसावरून करून द्यायची झाली तर कोणावरून, याचा विचार करताना स्वागत समितीत दुसरे नावच निघाले नाही.

अमेरिकी फुटबॉलमध्ये पायाचे काम थोडे आणि हाताचे फार. प्रत्येक चालीला चेंडू आधी क्वार्टरबॅककडे येतो. समोरून अंगावर येणारे धिप्पाड गडी दिसत असताना दोन-तीन सेकंदांत त्याला चेंडू कोणाकडे फेकायचा ते ठरवावे लागते. डॉसन यांचा जन्म २० जून १९३५ रोजी ओहायो राज्यातील अलायन्स या गावी झाला. अकरा भावंडांत ते नववे. सातव्या मुलाचा सातवा मुलगा म्हणून घरात त्यांचे कौतुक होते. पर्ड्यू विद्यापीठात ते चमकले, १९५७ साली पिट्सबर्गच्या संघाने त्यांना पहिल्याच फेरीत निवडले, आणि मग ते बाकावरच राहिले. पिट्सबर्ग आणि क्लीव्हलँड मिळून ५ वर्षांत त्यांच्या वाट्याला पन्नास पासही आले नाहीत. पर्ड्यूमधले त्यांचे जुने प्रशिक्षक हँक स्ट्रॅम यांनी १९६२ साली त्यांना डॅलसच्या संघात बोलावून घेतले. त्याच मोसमात, दोनदा जादा वेळ द्यावा लागलेल्या अंतिम सामन्यात, डॅलसने ह्यूस्टनला २०-१७ असे हरवून विजेतेपद मिळवले.

तो संघ १९६३ साली कॅन्सस सिटीत आला, त्याचे श्रेय महापौर एच. रो बार्टल यांना. बालवीर चळवळीत आयुष्य घातलेल्या या भरदार देहाच्या माणसाला सारे गाव ‘चीफ’ म्हणत असे. संघमालक लमार हंट यांना त्यांनी गळ घातली, मैदानातल्या जागा वाढवून देण्याचे आणि हंगामी तिकिटे खपवून देण्याचे वचन दिले. संघाचे ‘चीफ्स’ हे नाव बार्टल यांच्या टोपणनावावरून पडले. आज नावाचा जयघोष करणाऱ्या हजारोंना तो महापौर आठवत नाही, याची जुन्या रहिवाशांना खंत आहे. शहरातल्या मोठ्या अधिवेशनगृहाला मात्र त्यांचे नाव आहे.

मिसूरी नदीवरचा पहिला पूल, हॅनिबल पूल, १८६९ साली याच गावात बांधला गेला. त्यावरून रेल्वे आली, रेल्वेमागून गुरांचे बाजार आले, आणि नदीकाठच्या वस्तीचे शहर झाले. १९१४ सालच्या युनियन स्टेशनच्या भव्य दालनात आजही मान वर करून उभे राहावेसे वाटते. जिथे डॉसन खेळले ते बाविसाव्या रस्त्यावरचे म्युनिसिपल स्टेडियम १९२३ सालचे. वर्णभेदाच्या काळात कृष्णवर्णीयांचा मोनार्क्स हा बेसबॉल संघ तिथेच खेळत असे. सॅचेल पेज आणि जॅकी रॉबिन्सन यांनी त्याचा पोशाख घातला होता. काही चौक पलीकडे आर्थर ब्रायंट यांचे बार्बेक्यूचे दुकान, उत्तरेला अठराव्या रस्त्यावर काउंट बेसी आणि चार्ली पार्कर यांच्या जॅझची वस्ती. स्टेडियम १९७६ साली पाडले गेले आणि आता तिथे घरे आहेत. दुकानाच्या दारात मात्र अजून रांग असते.

जानेवारी १९६७ मध्ये लॉस एंजेलिसला पहिला सुपर बोल झाला. मध्यंतराला बिल रे यांनी ‘लाइफ’ साप्ताहिकासाठी काढलेले डॉसन यांचे छायाचित्र प्रसिद्ध आहे : घडीची खुर्ची, मळलेला पोशाख, ओठांशी सिगारेट, पायांशी सरबताची बाटली, आणि नजर कुठेतरी लांब. तेव्हा गुणफलक ग्रीन बे १४, कॅन्सस सिटी १० असा होता. मध्यंतरानंतर त्यांचा एक पास प्रतिस्पर्ध्याच्या हाती पडला, तिथून सामना निसटला आणि संघ ३५-१० असा हरला.

त्याची भरपाई तीन वर्षांनी झाली. १९६९ च्या मोसमात त्यांचा गुडघा दुखावला होता. शिवाय चौथ्या सुपर बोलच्या आठवड्यातच एका जुगार तपासाच्या बातमीत त्यांचे नाव गोवले गेले. कारण एवढेच, की त्या प्रकरणातल्या एका माणसाशी त्यांची जुजबी ओळख होती आणि दोघांचे आडनाव एक होते. डॉसन यांनी वार्ताहरांपुढे छोटे निवेदन वाचले आणि ते सरावाला लागले. ११ जानेवारी १९७० रोजी न्यू ऑर्लीन्सला त्यांनी १७ पैकी १२ पास अचूक दिले. मिनेसोटाचा संघ जिंकणार असे जाणकार सांगत होते. चीफ्स २३-७ ने जिंकले आणि सामन्यातला सर्वोत्तम खेळाडू डॉसन ठरले. चीफ्सना पुढचा सुपर बोल जिंकायला २०२० साल उजाडावे लागले. म्युनिसिपल स्टेडियमवरचा चीफ्सचा शेवटचा सामना १९७१ च्या नाताळच्या दिवशी झाला. ६० मिनिटांचा खेळ ८२ मिनिटे ४० सेकंद लांबला आणि मायामीने तो २७-२४ असा जिंकला. घरोघरी ताटे वाढून थंड झाली, असे गावातले वृद्ध अजून सांगतात.

१९७५ च्या मोसमानंतर डॉसन मैदानावरून उतरले, पण गाव सोडून गेले नाहीत. त्यांच्या थोरवीचा खरा भाग इथून सुरू होतो. १९७७ पासून २००१ पर्यंत एचबीओवरच्या ‘इनसाइड द एनएफएल’मुळे ते देशभर दिसू लागले, तरी केएमबीसीच्या संध्याकाळी सहाच्या आणि रात्री दहाच्या बातम्या त्यांनी २००९ पर्यंत सांभाळल्या. चीफ्सच्या सामन्यांचे रेडिओवरचे विवेचन १९८५ ते २०१७ या काळात केले. त्यांच्या सांगण्यात आरडाओरडा नव्हता. जिंकलेला सामना आणि हरलेला सामना एकाच सुरात सांगितला जाई. चाल फसली तर ती का फसली, हे दोन वाक्यांत कळे. १९९१ साली त्यांना प्रोस्टेटचा कर्करोग झाला, तेव्हा तो न लपवता त्यांनी पुरुषांना तपासणी करून घ्यायला सांगितले. ज्या माणसाला रोज घरात पाहायची सवय होती, त्याचे सांगणे लोकांना घरच्या माणसाचे वाटले. १९८७ साली व्यावसायिक फुटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये खेळाडू म्हणून आणि २०१२ साली प्रसारणासाठी, असा दोन्हीकडून त्यांचा गौरव झाला. असे खेळाडू मोजकेच.

मराठी शाळेच्या शिक्षकांशी या कथेचा संबंध थोडा लांबचा आहे, पण तो आहे. महाराष्ट्रातही रणजी खेळलेल्या बाळ ज. पंडित यांनी आकाशवाणीवरून मराठीत क्रिकेटचे धावते समालोचन केले, आणि खेळाची मराठी घराघरांत पोचली. शाळेत न शिकवता भाषा कानावर बसते ती अशा रोजच्या आवाजांमुळे. परदेशात वाढणाऱ्या मुलांच्या कानावर मराठीचा असा रोजचा आवाज नाही. आठवड्यातून एकदा भरणारा वर्ग ती उणीव भरून काढू पाहतो, आणि हे काम सोपे नाही.

ऑगस्ट २०२२ मध्ये डॉसन यांना अखेरच्या शुश्रूषेसाठी हलवल्याची बातमी आली. १३ ऑगस्टला शिकागोत सरावसामन्याच्या पहिल्याच चालीआधी चीफ्सचे क्वार्टरबॅक पॅट्रिक महोम्स यांचे सहकारी डॉसन यांच्या काळातल्या पद्धतीने, भजनी मंडळासारखे दोन रांगांत, महोम्स यांच्याकडे तोंड करून उभे राहिले. २४ ऑगस्टला, वयाच्या ८७ व्या वर्षी, डॉसन गेले.

व्यवस्थेतल्या उणिवा स्वागत समितीला ठाऊक आहेत. आधी ठरलेले सभागृह ऐन वेळी हातचे गेले, त्यामुळे संमेलन एका शाळेच्या व्यायामशाळेत भरते आहे. तिथे आवाज घुमतो, मागच्या रांगांना पंख्यांवर भागवावे लागेल, आणि ऑगस्टचा उकाडा इथे नागपूरची आठवण करून देतो. मांसाहारासाठी नावाजलेल्या गावात दोन वेळचे शाकाहारी जेवण जमवणे हे स्वतंत्र काम होते. ते उपनगरातल्या एका किराणा दुकानदाराने डाळ-तांदूळ विनामूल्य देऊन, आणि अनेक घरांतल्या ताई-वहिनींनी पहाटे उठून पोळ्या लाटून सोपे केले. एका डॉक्टर दांपत्याने ध्वनियंत्रणेचा सर्व खर्च उचलला. नाव जाहीर करू नये अशी त्यांची अट पाळली आहे. विमानतळावरून पाहुण्यांना आणणारे विद्यार्थी, पाहुण्यांना आपली झोपायची खोली देऊन स्वतः बैठकीत झोपणारी कुटुंबे, सतरंज्या आणि समई देणारे आजी-आजोबा, चहाची जबाबदारी न मागता घेणारे काका, या सर्वांची समिती ऋणी आहे. काही कमी-जास्त झाल्यास पाहुण्यांनी ते लगेच कानावर घालावे आणि उदार मनाने पोटात घालावे.

शहरातल्या ट्रामला तिकीट लागत नाही. ती युनियन स्टेशनपाशी थांबते. उद्याचे शेवटचे सत्र साडेपाचला संपवले आहे. सहा वाजता पाहुण्यांनी आपापल्या यजमानांच्या घरी केएमबीसीची नववी वाहिनी लावावी.