निळा रंग, उष्णता आणि चुंबकत्व

पुण्याचें अभियांत्रिकी विद्यालय १८५४ सालीं निघालें. अशा विद्यालयांतून व बांधकामाच्या कचेऱ्यांतून पुढें दीर्घकाळ नकाशांच्या ज्या निळ्या प्रती प्रचारांत होत्या, त्यांचा निळा रंग म्हणजे प्रशियन ब्ल्यू. अठराव्या शतकाच्या आरंभीं बर्लिन येथें हा रंग प्रथम तयार झाला. १८४२ सालीं सर जॉन हर्शेल यांनीं सूर्यप्रकाशाच्या साहाय्यानें तो कागदावर उमटविण्याची युक्ति शोधिली. परंतु ज्यास लोक केवळ रंग समजत, त्याच्या कुळांतील पदार्थ चुंबकहि असतात, आणि उष्णता लागतांच त्यांची रचना व चुंबकत्व हीं दोन्ही पालटतात.

ही रचना एखाद्या चौसोपी वाड्याच्या सांगाड्यासारखी आहे. धातूंचे परमाणु हे खांब. कर्ब व नत्र यांची जोडी, म्हणजे सायनाइड, ही दोन खांबांमधील तुळई. तिच्या एका टोकास कर्ब, दुसऱ्या टोकास नत्र. मधल्या पोकळ्यांत पाणी असतें. लोखंडाच्या जागीं दुसरा धातु बसविला कीं गुण बदलतात. प्रशियन ब्ल्यू शून्याखालीं सुमारें २६७ अंशांच्या थंडींतच चुंबक होतो; उलट व्हॅनेडियम व क्रोमियम यांचा १९९५ सालीं प्रसिद्ध झालेला पदार्थ ४२ अंश सेंटिग्रेडपर्यंत चुंबक राहतो. पुण्याच्या वैशाखांत त्याचें चुंबकत्व जेमतेम टिकावें!

आतां उष्णतेचें कार्य पाहूं. पहिल्यानें पाणी निघून जातें. कोबाल्ट व क्रोमियम यांच्या पदार्थांत कोबाल्टास चिकटलेलें पाणी गेलें कीं तांबूस रंग निळा होतो व चुंबकत्वहि बदलतें. दमट हवेंत ठेवितांच पूर्वस्थिति येते.

दुसरें कार्य अधिक नवलाचें आहे. लोखंड व क्रोमियम यांचा विटकरी रंगाचा पदार्थ सुमारें १०० अंशांपर्यंत तापविला कीं हिरवा होतो. येथें तुळईचीं टोकेंच उलटतात: नत्राऐवजीं कर्ब लोखंडाकडे येतो. नत्राच्या शेजारीं लोखंडाचे चार इलेक्ट्रॉन एकटे असतात व तेच चुंबकत्व देतात. कर्बाच्या शेजारीं ते जोडीनें बसतात, आणि लोखंडाचें चुंबकत्व लोपतें. यांत परमाणु एकहि कमी होत नाहीं.

याहून अधिक तापविल्यास सांगाडाच मोडतो व हवेंत लोखंडाचा गंज उरतो. त्या वेळीं विषारी वायु निघूं शकतो. म्हणून हा प्रयोग घरीं कोणीं करूं नये.

आपल्या मुंबईंतहि या विषयावर काम झालें आहे. ट्रॉम्बे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रांतील युसूफ, अमित कुमार व यख्मी यांनीं २००९ सालीं तांबें, मँगॅनीज व लोखंड यांचा असा पदार्थ वर्णिला कीं उष्णतामान बदलतांच त्याच्या चुंबकत्वाची दिशा उलटते. आंत परस्परविरुद्ध ओढणारे दोन पक्ष असतात. उष्णतेनें एकाचें बळ दुसऱ्याहून लवकर घटतें, आणि रस्सीखेचींतील जय पालटतो.

यावरून बोध हा कीं बाटलीवर पदार्थाचें नांव लिहिल्यानें भागत नाहीं. तो किती अंशांवर वाळविला हेंहि लिहिलें पाहिजे. नाहींतर एकाच नांवाचे दोन पदार्थ दोन उत्तरें देतील, आणि दोन प्रामाणिक संशोधक विनाकारण एकमेकांस खोटे ठरवितील.